आमच्या भजन मंडळाचा अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) दुरुस्त करून देणाऱ्यांचे आभार

डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) तोंडावर आली आणि मंडळाचा अँप गेला, चालू केला की फ्यूज उडायचा. ज्यांनी तो परत उभा केला त्यांनीच नावं टाकू नको म्हणून सांगितलंय, तर नाव न घेता मनापासून आभार.

मालवणातले दुरुस्तीवाले काका, तुम्ही पहिल्यांदा हेच बजावलंत, "जाडो फ्यूज घालू नको हां, बोर्ड जळतलो." मग 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब अँपच्या मेन वायरीत सिरीजला लावून दाखवलात, बल्ब फुल पेटूनच राहिला म्हणजे आत शॉर्ट, ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे अँपकडे जाणारी बाजू, सोडवली तर विझला म्हणजे ट्रान्सफॉर्मर धड, आणि एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरचा एक डायोड मीटरवर दोन्ही बाजूंनी शॉर्ट निघाला. कपॅसिटरच्या पायांना हिरवा थर चढलेला, समुद्राचा खारा वारा कोणाला सोडत नाही.

ज्या दादांनी फोनवरून सांगितलं की मोठे कपॅसिटर बंद अँपमध्येही चार्ज धरून असतात, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नको, रेझिस्टर लावून उतरव, त्यांचे तर खास आभार, अशा सल्ल्याने माणूस इजा होता होता वाचतो. अँपचा बोर्ड जोडायच्या आधी दोन्ही रेल, म्हणजे बोर्डाला जाणारे प्लस आणि मायनस व्होल्टेज, मोजायला त्यांनीच लावलं, 35-0-35 व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर, डीसी प्लस मायनस 49 व्होल्टच्या आसपास दोन्हीकडे सारखे आले.

कुडाळच्या दुकानदारांनी पार्ट एसटीने धाडले, पैसे मागाहून द्या म्हणाले. देव बरे करो सगळ्यांचे.