रविवारचे दोन तास आमच्या मुलांना द्या

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तो व्हीलचेअर वापरतो. त्याला बॉल मारायला फार आवडतं. या तिसऱ्या गोष्टीबद्दल आजवर आम्हाला कुठल्याच कार्यालयात कोणी विचारलं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही परळच्या चाळीत होतो तोवर त्याला खेळायला मिळायचं. पोरांनी त्याला कच्चा लिंबू करून घेतलं होतं. टाकलेला बॉल त्याला मारता यायचा नाही, कारण हात उचलेपर्यंत बॉल निघून जायचा. एके दिवशी एका पोरानं रंगाचा रिकामा डबा आणला, उलटा ठेवला आणि त्यावर टेनिस बॉल ठेवला. माझ्या मुलानं बॅट दोन्ही हातांनी धरली. तीन वेळा ती डब्यालाच लागली. चौथ्यांदा बॉल उडाला तो थेट पाण्याच्या टाकीवर आदळला. 'पळव, पळव' असं ओरडत दोघांनी त्याची खुर्ची टाकीपर्यंत नेली आणि परत आणली. मी गॅलरीत डाळ निवडत बसले होते. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो.

पण कच्चा लिंबू खेळात असतो, मोजणीत नसतो. चाळीतलं प्रत्येक पोर कधी ना कधी कच्चा लिंबू होतं. दोन-तीन वर्षांत ते मोठं होतं, त्याची विकेट खरी धरली जाते आणि रडारडही खरी होते. माझ्या मुलाच्या मागून आलेली पोरं अशी एकेक करून पक्की झाली आणि हा तिथेच राहिला. दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला ते कळलं. एका संध्याकाळी म्हणाला, "आई, मी आऊटच होत नाही." त्यानंतर तो खाली उतरायला तयार होईना. पुढे चाळ पाडली. आता टॉवरच्या पोडियमवर बॉल खेळायला मनाई असल्याची पाटी आहे, तेव्हा तो प्रश्नही उरला नाही.

त्या काळात मी शोधत होते, की याच्यासारखी मुलं जगात कुठे खेळतात का. तेव्हा मला मिरॅकल लीगचा पत्ता लागला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॉनियर्स नावाचं गाव आहे. सात वर्षांचा एक मुलगा भावाचा प्रत्येक बेसबॉल सामना बघायला व्हीलचेअरवरून यायचा. 1997 मध्ये प्रशिक्षकानं त्यालाच संघात घेतलं. पुढच्या वर्षी 35 मुलांची लीग उभी राहिली आणि 2000 मध्ये त्यांच्यासाठी खास मैदान तयार झालं. त्याच्याही आधी, 1989 मध्ये, लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेनं दिव्यांग मुलांसाठी चॅलेंजर नावाचा विभाग सुरू केला होता.

मिरॅकल लीगचे नियम वाचले आणि मला आमचा रंगाचा डबाच आठवला. प्रत्येक डावात प्रत्येक मुलाला बॅटिंग मिळते. बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यावर, पोचलेला प्रत्येक जण सेफ असतो. शेवटचा बॅट्समन होम रन मारतो आणि सगळे होमला, म्हणजे निघाल्या जागी, परत येतात. प्रत्येक मुलाच्या नावावर धाव लागते आणि दोन्ही संघ जिंकतात. ज्याला टाकलेला बॉल मारता येत नाही त्याच्यासाठी बॉल टीवर ठेवता येतो, म्हणजे कमरेएवढ्या दांडीवर. आणि खेळाडूसोबत त्याच्याच वयाचं एखादं धडधाकट मूल असतं, खुर्ची ढकलायला, बॉल कुठून येतोय ते सांगायला. त्याला तिथे बडी म्हणतात. आपल्या मुंबईत त्याला भिडू म्हणतात आणि तोच शब्द मला जास्त आवडतो.

माझ्या दृष्टीनं फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे. तिथे नियम एका मुलासाठी वाकवलेला नाही, तो सगळ्यांना सारखा आहे. त्यामुळे तिथे कच्चा लिंबू कोणीच नाही.

असाच बेसबॉल आमच्या मुलांनाही मिळावा असं मला वाटतं. लोक विचारतात, मग क्रिकेटच का नको? क्रिकेट माझ्याही घरात पूजेसारखं आहे. पण क्रिकेटमध्ये एकदा आऊट झालं की त्या डावापुरतं आपलं बसणं ठरलेलं. बेसबॉलमध्ये पाळी पुन्हा पुन्हा येते. आणि एका बाजूनं निघून तीन बेसना वळसा घालत होमला परत यायचं असल्यामुळे व्हीलचेअरला गर्रकन मागे वळावं लागत नाही. कुबडीवाला, वॉकरवाला, हळू चालणारा, दिसत नसलेला, सगळे एकामागून एक त्याच वाटेनं जाऊ शकतात. महाराष्ट्रात कित्येक शाळांत बेसबॉलसारखाच सॉफ्टबॉल खेळला जातो, त्यामुळे बॅट, ग्लोव्ह आणि तो खेळ जाणणारे शिक्षक आपल्याकडे आहेत.

आता आम्हाला सध्या काय मिळतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, एका क्रीडा महोत्सवात मुलाला घेऊन गेले होते. प्रमुख पाहुणे येईपर्यंत मुलं अडीच तास उन्हात बसली. मग 25 मीटर व्हीलचेअर शर्यत झाली. चार जण होते, हा चौथा आला. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलेलं होतं. व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह नव्हतं, त्यामुळे मी त्याला सकाळपासून पाणीच दिलं नव्हतं. टॅक्सीत बसल्यावर त्यानं विचारलं, "परत कधी?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्यानं प्रमाणपत्राची सुरळी केली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मी कोणावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. तिथले कार्यकर्ते सकाळी सहापासून राबत होते. पण वर्षातून एक दिवस हा खेळ होत नाही, तो समारंभ होतो.

मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. ते आपल्या सांगली जिल्ह्याचे. मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. स्पर्धा हवीच, ज्याच्या अंगात ती आहे त्याला सरकारनं सगळं द्यावं. पण क्रीडा खात्याची बहुतेक दारं पदकाच्या दिशेनंच उघडतात. वाढीव गुण, शिष्यवृत्ती, पुरस्कार, सगळं नंबर आल्यावर. नंबर कधीच येणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं रविवारी सकाळी कुठे जायचं?

कायदा याचं उत्तर देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 30 मध्ये दिव्यांगांचा खेळांतला सहभाग ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे आणि क्रीडा सुविधा त्यांच्यासाठी नव्यानं आखण्याची तरतूदही आहे. कलम 16 शाळांना सांगतं, की इतर मुलांच्या बरोबरीनं यांनाही खेळाची संधी द्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दिव्यांगांची संख्या 29 लाखांवर होती, आणि तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. आता 21 आहेत.

अडचण अशी, की मैदानं महापालिकेची, खेळ आपल्या खात्याचा आणि आमची मुलं दिव्यांग कल्याण विभागाची. तिन्हींना एका टेबलावर बसवणं आपल्याला शक्य आहे. मला नाही.

माझी मागणी स्टेडियमची नाही. मुंबईत एक मैदान, ऑक्टोबर ते मे, दर रविवारी सकाळी 7 ते 9, आमच्या नावानं कायमचं राखून ठेवा. लग्नाला, सभेला, कुठल्याही चषकाला ते दोन तास द्यायचे नाहीत. मैदानाच्या कोपऱ्यात रबराचा सपाट पट्टा करा. आपल्या कित्येक उद्यानांत घसरगुंडीखाली तशी जमीन आहेच. बेस त्यावर रंगवलेले असू देत, उंचवटा नको, चाक अडखळतं. फाटकाकडे तर आधी बघा. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या नागमोडी वाटेतून आमची खुर्ची जात नाही, आणि मुलाला उचलून घ्यायचं तर तो आता 40 किलोंचा आहे. स्वच्छतागृह दरवाजा रुंद असलेलं हवं आणि मोठ्या मुलाचे कपडे बदलता येतील एवढं हवं. आईवडील घरी परत का जातात, याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही.

भिडूंची कमतरता पडणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास सेवा करायची असते. त्यातले काही तास या मैदानावर मोजा. शेजारच्या शाळांतली मुलं येतीलच, त्यांना फक्त बोलवायला हवं.

पावसाळ्याचं काय, असं मला विचारलं जातं. 1948 पासून कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा भर पावसात चिखलात खेळणारं हे शहर आहे. खेळायचं म्हटलं की मुंबई वाट काढते. आमच्यासाठी तेवढे महिने एखाद्या शाळेचा हॉल चालेल.

मंत्रालयातून आझाद मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कुठल्याही रविवारी सकाळी तिथे उभं राहून बघा, एकमेकांत मिसळलेले किती सामने चालू असतात ते. आणि त्या गर्दीत एखादी व्हीलचेअर दिसते का, तेही बघा.

मला भेटीसाठी पंधरा मिनिटं द्यावीत. माझ्याबरोबर आणखी काही पालक येतील. मैदान मंजूर झालं तर पहिल्या रविवारी टीसाठी थांबायला नको, रंगाचा तो डबा मी घर बदलताना सोबत आणला आहे.

आपली नम्र,
एक आई, परळ, मुंबई