उट्रेख्टहून (नेदरलँड्स) पत्र

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. आवाज बसलाय असं आईला वाटलं, पण तो नेटचा घोळ होता. थंडी आहे, पण घरात हीटर चालू असतो आणि आजीची गोधडी आहेच.

दिवसभर बुरशीत हात, फुफ्फुसात गेली तर? हे मावशीने तुझ्या डोक्यात भरवलंय, आई. आम्ही उघड्यावर काही करत नाही. काचेच्या पेटीत हात घालून काम चालतं, तिथली हवा गाळूनच बाहेर जाते. आणि ही बुरशी किडीची वैरी आहे. अण्णा द्राक्षावरच्या मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, फवारतात ती बिव्हेरियाच. बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, रुजतो, कातडी विरघळवत आत शिरतो. काही दिवसांत कीड मरते. परवा मायक्रोस्कोपखाली बघत होते. मिलीबगच्या अंगावर तिचं स्वतःचं पांढरं पीठ असतंच, पण पायांच्या सांध्यांतून उभे, बारीक तंतू वर येत होते. ती बुरशी. अण्णा, तुम्ही शेजारी हवे होतात.

तुम्ही म्हणता बिव्हेरिया मारून गुण येत नाही. येतो, पण डाऊनी-भुरी या द्राक्षाच्या रोगांना आपण जे मारतो ते बुरशीनाशक हिलाही मारतं. त्याला दाद न देणारे बिव्हेरियाचे स्ट्रेन, म्हणजे वाण, शोधायचे, हेच आमचं काम. प्रकल्पातली पुण्याची मंडळी बागांतून नमुने गोळा करतात, चाचण्या तिकडेच होतात. आम्ही जनुकं वाचतो, आणि बुरशी कोणकोणती रसायनं बनवते तेही बघतो. पेनिसिलिन बुरशीचंच. कोलेस्टेरॉलच्या पहिल्या स्टॅटिन गोळ्याही बुरशीतूनच आल्या. याच गावात वेस्टरडाइक संस्थेचा बुरशीसंग्रह आहे, १९०४ पासूनचा, त्यात लाखावर स्ट्रेन जपलेत. तसा स्ट्रेन मिळेपर्यंत तुम्ही एवढं करा. फवारणी उन्हं उतरल्यावर घ्या, आणि बुरशीनाशकाच्या टाकीत बिव्हेरिया मिसळू नका.

आपली माती गोऱ्यांना देते, असं काका म्हणाले म्हणे. त्यांना सांगा, परदेशी संस्थेला आपल्याकडचा जीव वापरायचा तर २००२च्या जैवविविधता कायद्याने मंजुरी लागते, आणि पुढे त्यातून कमाई झाली तर वाटा भारतात द्यावा लागतो. मी फुकट काही देत नाही.

इथली एक रीत मात्र समजत नाही. वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्यांचं! घरमालकिणीच्या मुलीच्या वाढदिवसाला गेले, तर लोक मुलीला सोडून आधी आईला, मग मावशीला, मग शेजारणीला हात मिळवून 'अभिनंदन' म्हणतात. मलाही म्हणाले. मी कोण तिची? मग सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात, केकचा एक तुकडा, कॉफी, आणि तासन्‌तास गप्पा. जेवण नाही. वाढदिवसांचं कॅलेंडर तर संडासात टांगलेलं, रोज नजरेला पडावं म्हणून. आई, खरं सांगते, हसू नकोस.

काढणीला मी नसणार, हे मनातून जात नाही. मजूर मिळाले का? अण्णांनी क्रेट उचलू नयेत, डॉक्टरांनी सांगितलंय.

पैसे खात्यावर टाकलेत. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा, नाहीतर व्याजाची सवलत जाईल. उरलेल्यातून अण्णांचा गुडघा दाखवा, द्राक्षाचे पैसे यायची वाट बघू नका.

ओझरच्या स्थळाला सध्या नाही कळवा. मुलगा चांगला असेलही, पण प्रकल्प अर्धवट टाकून यायला जमणार नाही. आणि पिंकीचं जुळत असेल तर माझ्यासाठी तिला थांबवू नका. मोठीचं आधी, हे लोक म्हणणारच, म्हणू देत. तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे रजा मागता येईल.

तुमची,
सोनू