कॉम्प्युटर लॅबचं कुलूप आणि अकरावीचे बॉन्ड

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुप पश्चिमेला राहते, गेली सतरा वर्षं घरीच नववी ते बारावीच्या मुलांची सायन्सची शिकवणी घेते. आपल्या पेपरात शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनबद्दल, फीबद्दल खूप छापून येतं आणि ते यायलाच हवं, पण वर्गात पोरं नेमकी कुठे अडकतात त्याबद्दल फार कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

दरवर्षी जुलै-ऑगस्टात अकरावीची पोरं माझ्याकडे येतात आणि केमिकल बॉन्डिंगच्या, म्हणजे अणू एकमेकांना कसे जोडले जातात त्या धड्यावर येऊन थांबतात. त्यातली निम्मी मराठी मीडियमची. दहावीपर्यंत कार्बनी संयुगांच्या धड्यात त्यांनी सहसंयुज बंध (दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेला), इलेक्ट्रॉन ठिपका संरचना, दुहेरी बंध हे सगळं नीट केलेलं असतं, मिथेन तर झोपेतही काढतील. मग अकरावीत तेच सगळं इंग्रजीतून समोर येतं आणि त्यांना वाटतं हा काहीतरी नवीनच विषय आहे. सहसंयुज म्हणजेच कोव्हॅलंट हे सांगितल्यावर ज्या मुलीचा चेहरा फुलतो ना, ती मुलगी आधीचा पूर्ण महिना वर्गात मान खाली घालून बसलेली असते.

पण भाषेपेक्षा मोठी अडचण हाताची आहे. बॉन्डिंग हे काढून काढूनच येतं. लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली सुरुवातीच्या वर्गातल्या मुलांना शिकवताना अणूची चित्रं ठोकळ्यांसारखी काढून पाहिली, ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन, आणि १९१६ साली इलेक्ट्रॉनच्या जोडीने बंध होतो हे छापून मांडलं. म्हणजे ज्याने हे शोधलं तोही शिकवता शिकवता कागदावर चित्रच काढत होता. आमच्याकडे मात्र पोरं फळ्यावरचं चित्र वहीत उतरवून घेतात आणि पाठ करतात. पाठ केलेलं चित्र बरोबरच असतं हो, पण कार्बन डायऑक्साइडच्या जागी नायट्रेट आयन दिला की हात हलत नाही.

मी आधी मूग आणि मसूर घेऊन शिकवायचे. पाटीवर कार्बन लिहायचा, त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचे चार मसूर, ऑक्सिजनचे सहा सहा मूग, आणि पोरांनी ते सरकवत बसायचं. (बंध झाल्यावर कुठला इलेक्ट्रॉन कोणाचा हे वेगळं राहत नाही, पण मोजायला दोन रंग बरे पडतात.) हे अजूनही करते. पण बारा पोरं एका खोलीत, मी एकटी, एकाची पाटी तपासून होईपर्यंत बाकीचे चुकीचंच पुढे नेतात आणि घरी गेल्यावर तर विचारायला कोणीच नाही. म्हणून गेली तीन-चार वर्षं मी सॉफ्टवेअरवर प्रॅक्टिस करून घेते, आणि यात चांगलं काय वाईट काय हे आता मला नीट कळलंय असं वाटतं.

मागच्या वर्षीचा एक मुलगा. वडील रिक्षा चालवतात, घरात एकच स्मार्टफोन, तो रात्री दहानंतर याच्या हातात येतो. कार्बन डायऑक्साइड काढताना त्याने मधे कार्बन, दोन्हीकडे ऑक्सिजन, एकेक रेघ, आणि मग सगळ्यांचं अष्टक, म्हणजे प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होईपर्यंत ठिपके भरत गेला. बघायला एकदम सुबक. वहीत असतं तर त्याने स्वतःच बरोबरची खूण केली असती. स्क्रीनवर खाली आलं की तुमच्याकडे इलेक्ट्रॉन १६ आहेत, तुम्ही २० वापरले. बास, एवढंच, उत्तर दिलं नाही. तो बराच वेळ बघत राहिला, मग मला विचारलं, "टीचर, चार जास्तीचे मी आणले कुठून?" मग त्याने कार्बनवरचे ठिपके पुसले, एका बाजूच्या ऑक्सिजनवरची एक जोडी पुसून तिथे दुसरी रेघ काढली, मोजलं, मग दुसऱ्या बाजूला तसंच केलं. दुहेरी बंध का येतो हे त्या दिवशी त्याला कळलं आणि मी एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

दुसरं उदाहरण पाण्याचं. कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा फेट नावाचा प्रोजेक्ट आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमननी २००२ मध्ये सुरू केलेला, पूर्ण फुकट, त्यांची बरीच सिम्युलेशन्स मराठीतूनही आहेत आणि डाउनलोड करून ठेवली की नेट लागत नाही. त्यात रेणूचे आकार दाखवणारं एक सिम्युलेशन आहे. मधल्या अणूला दोन बॉन्ड लावले की सरळ रेषेत उभे राहतात, १८० अंश. मग एक लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) टाकायची, दोन्ही बॉन्ड वाकतात, दुसरी टाकली की अजून वाकतात. माझ्याकडची एक मुलगी ओरडलीच, "टीचर, त्या जोडीने ढकललं!" रिपल्शन, म्हणजे हेच ढकलणं, हा शब्द ती तीन आठवडे पाठ करत होती. त्यातच खरा रेणू बघायची सोय आहे, तिथे पाण्याचा कोन १०४.५ अंश दिसतो, मॉडेलमध्ये १०९.५, आणि मग हा फरक का हा प्रश्न पोरं आपणहून विचारतात.

आता वाईट. एका पालकांनी हप्त्यावर वर्षभराचं ॲप घेतलं, कंपनीचा माणूस घरी येऊन गोड बोलून गेला होता. उघडून बघते तर व्हिडिओ आणि त्याखाली चार पर्याय, काढायला काहीच नाही. बरोबर चित्र चारातून ओळखणं आणि कोऱ्या पानावर काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या एका ॲपमध्ये काढता येत होतं, तर ओझोनचा दुहेरी बंध मुलीने डावीकडे काढला म्हणून लाल फुली आली, कारण त्यांच्या उत्तरात तो उजवीकडे होता! दोन्ही बरोबर आहेत, रेझोनन्स म्हणजे दुसरं काय असतं, एकाच रेणूची अशी एकाहून जास्त बरोबर चित्रंच ना? तिने बिचारीने स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं. मला त्या दिवशी फार राग आला, कारण मशीन सांगतंय म्हटल्यावर ही पोरं स्वतःवर विश्वास ठेवत नाहीत.

आणि मोठ्या लोकांसाठीची जी स्ट्रक्चर काढायची सॉफ्टवेअर असतात त्यातली बरीच हायड्रोजन आपोआप भरून टाकतात. संशोधन करणाऱ्याचा वेळ वाचतो, पण नवशिक्याने कार्बन ठेवला की समोर तयार मिथेन, मग तो शिकणार काय? ॲव्होगॅड्रो हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात ही सोय बंद करता येते, फक्त कोणीतरी दाखवायला हवं. आपल्या पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये ॲव्होगॅड्रो आणि जीकेमपेंट (हेही स्ट्रक्चर काढायचंच सॉफ्टवेअर) कसं वापरायचं याचे फुकट धडे आहेत. पवई भांडुपहून किती लांब आहे सांगा, पण माझ्याकडे येणाऱ्या एकाही मुलाला हे कॉलेजात कोणी सांगितलेलं नव्हतं.

ज्या कॉलेजात ही पोरं जातात तिथे कॉम्प्युटर लॅब आहे, चांगली चाळीसेक मशीन आहेत असं पोरं सांगतात. ती आयटी घेतलेल्यांना उघडते, बाकीच्यांना कुलूप. एका मुलाने विचारलं तर केमिस्ट्रीला कॉम्प्युटर कशाला असं उत्तर मिळालं. सीईटी तर कॉम्प्युटरवरच असते ना, मग तेव्हा नाही का म्हणत कॉम्प्युटर कशाला? पण ती पर्यायांची परीक्षा, आणि बोर्डाला मात्र पेन्सिलने कागदावर काढायचं, आणि या दोघांच्या मधे काढायची सवय लावायला कोणाला वेळच नाही. कागद सोडा असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझ्याकडे स्क्रीनवर जमलेलं प्रत्येक स्ट्रक्चर लगेच वहीत, न बघता, काढावंच लागतं.

तेव्हा आपल्या पेपरातून एवढंच मागते. ज्युनिअर कॉलेजांनी बॉन्डिंगचा धडा चालू असेल तेवढे पाच-सहा आठवडे तरी, आठवड्यातून एक तास, अकरावी सायन्सच्या मुलांना लॅब उघडून द्यावी. फुकटची सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवावीत, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर मराठी-इंग्रजी शब्दांची जोडी लिहावी, सहसंयुज-कोव्हॅलंट, अष्टक-ऑक्टेट, एकाकी जोडी-लोन पेअर. शिक्षकांना अजून एक काम नको असेल तर आठवड्यातला एक तास मी येऊन बसायला तयार आहे, पैसे नकोत, आणि माझ्यासारख्या शिकवणी घेणाऱ्या बायका मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत पुष्कळ आहेत, त्याही येतील. फक्त किल्ली कोणाकडे असते तेवढं कॉलेजने सांगावं.

आपली,
एक शिकवणी घेणारी वाचक
भांडुप (पश्चिम), मुंबई