नदीला काठ असतो

संपादक महोदय,

गोव्यातल्या आमच्या चोडण बेटावर खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतीच्या, बांधावर एका सरकारी खात्याने नुकताच फलक लावला आहे: ‘नदीच्या बँकेवर कचरा टाकू नये.’ छत्तीस वर्षे मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवले. रोज त्या वाटेने जाणारी मुले हे वाचतात आणि सरकारी पाटीवरचे म्हणजे बरोबरच, असे धरून चालतात. म्हणून हे पत्र.

भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी ‘बँक’चा एकच अर्थ ठाऊक असावा. वास्तविक या उच्चाराचे शब्द इंग्रजीत निरनिराळ्या वाटांनी आले. नदीकाठची ‘बँक’ आली स्कँडिनेव्हियातून उतरलेल्या दर्यावर्दींच्या नॉर्स भाषेतून. विमान वळताना एका पंखावर कलते, त्याचे क्रियापदही याच उतारावरून पडले. पैशांची बँक इटलीची. तिथे ‘बांका’ म्हणजे सराफाचे बाक, ज्यावर नाणी मांडून तो ती बदलून देई. दिवाळखोराला ‘बँकरप्ट’ म्हणतात, त्याच्या मुळाशी ‘मोडलेले बाक’ हेच इटालियन शब्द आहेत. गलबतातल्या वल्ह्यांची रांग हा अर्थ जुन्या फ्रेंचमधला, तोही वल्हेकऱ्यांच्या बाकावरून आलेला. या साऱ्यांचे मूळ जर्मानिक कुळातले, ‘बेंच’ त्याच घरातला.

आणि आपले ‘बाक’ही! ते पोर्तुगीज ‘बांकु’वरून आले, चावी, पगार, बादली यांच्या सोबतीने. पोर्तुगिजांत बाक आणि बँक दोन्हींना हा एकच शब्द. लिस्बनला 1864 मध्ये स्थापन झालेल्या ‘बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु’च्या नोटा पोर्तुगीज अमलात आमच्या वडिलांनी हाताळल्या होत्या. दरवर्षी सातवीच्या वर्गात मी सांगायची, ‘बाळांनो, तुम्ही बसला आहात ना, तीच पहिली बँक.’ मुले वाकून बाकाकडे बघत. तो शब्द मग त्यांच्या कायमचा लक्षात राही.

नदीसाठी मात्र हा शब्द आपल्याला कधीच लागला नाही. साडीला काठ, परातीला काठ, तसा नदीला काठ. शिवाय तीर आहे, थडी आहे, कोकणीत देग आहे. फलक रोवला आहे तो तर बांध! त्याच्याच नात्यातला ‘बंद’ इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला, शांघायच्या नदीकाठालाही त्यांनी ‘बंड’ म्हटले. आणि ज्यांच्या पूर्वजांनी चिखल थापून हे बांध घातले, त्यांच्याच गावात ‘बँक’ लिहायची?

फलकाची गरज खरीच आहे. प्लास्टिक मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आतबाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दारात अडकते, दार नीट बसत नाही आणि भरतीचे खारे पाणी भातात शिरते. म्हणूनच तो वाचताक्षणी कळायला हवा. ‘बांधावर व नदीकाठी कचरा टाकू नये’ एवढे लिहिले की झाले. खात्याने परवानगी द्यावी, रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च मी देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चोडण