‘थांबा’ म्हटलं तर कोण थांबणार? : पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) उभारताना मदत करणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर आधीच यायला हवं होतं. पण पीएमओ, म्हणजे संस्थेतल्या सगळ्या प्रोजेक्टची घडी बसवणारं ऑफिस, खरोखर चालतंय की नुसते कागदी घोडे नाचताहेत, हे दिसल्याशिवाय लिहायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. आता दिसतंय, म्हणून लिहिते. जाहीर अशासाठी, की ज्या पेचात आम्ही होतो त्यात इतरही बऱ्याच संस्था असतात.

तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडे निर्णय जवळपास झालेलाच होता. संचालकांना डिरेक्टिव्ह पीएमओ हवं होतं. सगळे प्रोजेक्ट मॅनेजर एका प्रमुखाच्या हाताखाली, सगळी सूत्रं एकाच जागी. मोठ्या कंपन्यांकडे असतं, मग आपल्याकडे का नको? रचनेचा रंगीत तक्तासुद्धा तयार होता. तुम्ही तो नीट पाहिलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, “समजा पीएमओ म्हणालं हा प्रोजेक्ट थांबवा, आणि विभागप्रमुख म्हणाले चालू ठेवा. कुणाचं चालणार?”

उत्तर अकाउंट्सच्या सहकाऱ्यांकडून आलं. “ज्यांच्या बजेटमधून पैसे जातात, त्यांचं.”

नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. माणसं विभागाची, पैसा विभागाचा, वर्षाअखेरीचा शेराही विभागप्रमुखांच्याच हातचा. अशा घरात डिरेक्टिव्ह पीएमओ म्हणजे नुसती दारावरची पाटी. एका संचालकांना ते पटेना. तेव्हा तुम्ही अमेरिकन नौदलाचं उदाहरण दिलंत. ज्या स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिसने पुढे पोलारिस क्षेपणास्त्राचं काम केलं, ते त्यांनी १९५५ साली काढलं. पर्ट हे वेळापत्रकाचं तंत्र १९५८ च्या सुमारास तिथूनच पुढे आलं. “पण त्या ऑफिसला पैसा आणि अग्रक्रम थेट वरून मिळाला होता,” तुम्ही म्हणालात. “तुम्ही वरून काय देणार आहात, तेवढं सांगा.” त्यावर चहा मागवला गेला, हे मला पक्कं आठवतंय.

सपोर्टिव्ह, कंट्रोलिंग आणि डिरेक्टिव्ह हे तीन प्रकार प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीत (२०१७) दिलेले आहेत आणि आम्ही ते वाचलेही होते. सपोर्टिव्ह पीएमओ टेम्प्लेट (कागदपत्रांचे तयार नमुने), प्रशिक्षण आणि जुन्या प्रोजेक्टचे अनुभव पुरवतं, सक्ती करत नाही. कंट्रोलिंग ठरलेली पद्धत पाळायला लावतं आणि पाळली की नाही ते तपासतं. डिरेक्टिव्ह प्रोजेक्ट स्वतःच चालवतं. वाचताना ही चढती शिडी वाटते, जणू वरची पायरी म्हणजे प्रगती. तसं नाही, हे तुम्ही समजावलंत. प्रोजेक्ट मॅनेजर मुरलेले असतील आणि प्रोजेक्ट एकमेकांत फारसे गुंतलेले नसतील, तर सपोर्टिव्ह पुरे. त्यावर जास्त काही लादलं तर नाकापेक्षा मोती जड. मात्र मॅनेजर नवखे असतील आणि टेम्प्लेट वापरणं ऐच्छिक ठेवलं, तर ते सर्व्हरवर धूळ खात पडतं. कंट्रोलिंगला पाठबळ लागतं, नाहीतर ते नुसतं पोलिसी खातं होतं आणि लोक त्याला चुकवायला शिकतात. डिरेक्टिव्हला स्वतःची माणसं लागतात, ती उधारीवर मिळत नाहीत.

मग तुम्ही आमचे जुने स्टेटस रिपोर्ट मागितलेत. एक प्रोजेक्ट महिनोन्‌महिने हिरवा, म्हणजे सगळं ठीक, आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये एकदम लाल, म्हणजे अडचणीत; मधला, सावध करणारा पिवळा कुठेच नाही. तुम्ही हसून म्हणालात, “हे कलिंगड. वरून हिरवं, आतून लाल.” त्याच प्रोजेक्टच्या रिस्क रजिस्टरमध्ये (संभाव्य धोक्यांच्या नोंदवहीत) ‘व्हेंडरकडून उशीर संभवतो’ ही एकच ओळ दर महिन्याला जशीच्या तशी उतरवलेली होती. जबाबदार व्यक्तीचा रकाना कोरा. तो कोरा रकाना तुम्ही संचालकांपुढे सरकवलात. आमचं दुखणं टेम्प्लेट नसण्याचं नव्हतं. टेम्प्लेट होतंच की! वाईट बातमी वर पोचल्यावर कुणी काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ती कुणी पोचवत नव्हतं.

सर्वांत उपयोगी पडलं ते तुमचं पुढचं सांगणं, की अख्ख्या संस्थेला एकच प्रकार लावायची गरज नाही. विभागांतर्गत छोट्या कामांना सपोर्टिव्ह. ज्या कामांना कायद्याची मुदत आहे किंवा जी अनेक विभागांतून जातात, त्यांना कंट्रोलिंग: ठरलेल्या टप्प्यावर तपासणी, आणि त्यात पास झाल्याशिवाय पुढचा पैसा सुटणार नाही. जुनी प्रणाली बदलण्याच्या मोठ्या कामापुरतं डिरेक्टिव्ह, तेही तात्पुरतं. कायमचं ऑफिस आणि एखाद्या कार्यक्रमापुरतं ऑफिस यांतला फरक तोवर आमच्या डोक्यात स्पष्ट नव्हता. तात्पुरतं ऑफिस गुंडाळायचं कधी, हे ते उघडतानाच लिहून ठेवा, असा तुमचा आग्रह होता. लिहून ठेवलं. नंतर ते चालू ठेवायची टूम निघालीच, तेव्हा तो कागद कामी आला.

पीएमओ कुणाच्या हाताखाली बसवायचं यावर मात्र बरीच ओढाताण झाली. आयटी प्रमुखांना ते आपल्याकडे हवं होतं. तुम्ही विचारलंत, “मग विक्री विभाग ऐकेल?” विक्री विभागाच्या प्रमुखांनी खरं ते सांगून टाकलं, “नाही.” शेवटी ते कार्यकारी संचालकांच्या कक्षेत गेलं. तपासणीत प्रोजेक्ट अडला आणि विभागप्रमुखांना ते मान्य नसेल, तर निकाल कार्यकारी संचालकांचा, आणि तोही आठवड्याच्या आत. हा एक नियम नसता तर बाकीचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं.

एका बाबतीत माझं मत अजूनही तुमच्यापेक्षा वेगळं आहे. टाइमशीट, म्हणजे कुठल्या कामावर किती वेळ गेला याची नोंद, सगळ्यांना सक्तीची करावी असं तुमचं म्हणणं होतं. आम्ही ती फक्त मोठ्या कामापुरती ठेवली. छोट्या कामांत लोक ती शुक्रवारी संध्याकाळी अंदाजाने भरतात आणि त्या आकड्यांवरून काही ठरवणं धोक्याचं वाटतं. भेटलो की यावर भांडू.

पीएमओची कामगिरी किती रिपोर्ट काढले यावर मोजायची नाही, अडलेला निर्णय किती लवकर सुटला यावर मोजायची, हे मात्र तुमचं जसंच्या तसं घेतलं. परवाच एका मॅनेजरने आपला प्रोजेक्ट स्वतःहून पिवळा दाखवला आणि शेजारी लिहिलं, ‘दोन चाचणी अभियंते हवेत, नाहीतर मुदत हुकणार’. माणसं मिळाली. पूर्वी हेच वाक्य मुदत हुकल्यानंतरच्या खुलाशात वाचायला मिळायचं.

आता खरेदी विभाग म्हणतो, आमचीही कामं कंट्रोलिंगमध्ये घ्या. मी तुमचाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलाय: आम्ही ‘थांबा’ म्हटलं तर थांबाल का? लेखी उत्तर मागितलंय, अजून आलेलं नाही.

तुमचा वेळ, तुमचा स्पष्टपणा आणि त्या रंगीत तक्त्याला न भुलणं, या सगळ्यासाठी मनापासून आभार.

आपली नम्र,
पीएमओची एक सहकारी