माझ्या नावाचा रकाना

प्रिय आजोबा,

तुम्हाला आजोबा म्हटलेलं आवडणार नाही, माहीत आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही नाव सांगून 'नुसतं नावानंच हाक मार' म्हणाला होतात. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. तिथे मी 'अहो'ला इंग्रजी शब्द शोधत राहायचे आणि शेवटी नुसतीच खाकरायचे. आता मराठीत लिहिते आहे, तर आजोबाच. तुमची नात फोनवर भाषांतर करून तुम्हाला हे वाचून दाखवणार आहे. 'रकाना' या शब्दाचं तो फोन काय करेल देव जाणे, पण त्या शब्दाशिवाय हे पत्र होत नाही.

काल रात्री तिने तुमच्या सामन्यांच्या भाकितांच्या नव्या वहीचा फोटो पाठवला. २०२६ चं पहिलं पान. पट्टीने मारलेल्या रेघा, वर नावं, आणि यंदा माझं नाव समासात नाही, आत आहे. फोटो बघून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासत बसले. म्हणून म्हटलं, आज लिहून टाकावं. तोंडावर मला हे कधीच बोलता आलं नसतं, आणि तुम्हीही मला बोलू दिलं नसतं. लगेच म्हणाला असता, 'ते राहू दे, मिडफिल्डचं काय करायचं ते सांग.'

मराठी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. मी मूळची मिरजेची. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या कासलबार गावात केअर होममध्ये कामाला आले. कासलबारमध्ये मॅकहेल पार्क आहे, मेयोच्या गेलिक फुटबॉल संघाचं घरचं मैदान. हा खेळ हातानेही खेळतात आणि पायानेही. पंधरा-पंधरा जण असतात. जाळ्यात मारला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. खेळणाऱ्यांना पगार नाही. मंगळवारी शाळेत गणित शिकवणारा किंवा गाई पाळणारा पोरगा रविवारी हजारो लोकांपुढे उतरतो आणि सोमवारी परत कामाला जातो. आपल्याकडे गावच्या तालमीचा पैलवान गावासाठी लढतो, तसंच. जिथला तिथलाच. कुणाला विकत आणता येत नाही.

आणि मेयो १९५१ नंतर ऑल-आयर्लंड, म्हणजे या खेळाचं देशातलं सर्वोच्च विजेतेपद, जिंकलेली नाही. एवढं एक वाक्य कळलं की कासलबार कळतं.

मला हे कळायला दीड वर्ष लागलं, कारण कुणी सांगितलंच नाही. माझी खोली मैदानापासून चालत सात मिनिटांवर होती. जून २०२४ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी खिडकीतून नुसता गलका ऐकू येत होता, मग एकदम शांतता, परत गलका, परत शांतता. शेवटची शांतता इतकी लांबली की मला वाटलं, अपघात झाला. सोमवारी कामावर विचारलं. एकजण म्हणाला, 'डेरीकडून हरलो, पेनल्ट्यांवर. जाऊ दे, तुला नाही कळायचं.' दुसरी म्हणाली, 'पुढच्या वेळी तुला घेऊन जाऊ.' पुढची वेळ तीनदा आली आणि गेली. मृणालिनी हे नाव त्यांना लांब वाटलं म्हणून पहिल्या आठवड्यातच मला न विचारता मी 'लिनी' झाले होते. ज्या देशात लिहितात एक आणि वाचतात भलतंच, त्यांना माझी चार अक्षरं जड! राग तेव्हा आला नाही. आता येतो.

मार्च २०२५ मध्ये माझे बाबा गेले. याबद्दल फार लिहिणार नाही. मला इकडे आणणारा एजंट 'काही लागलं तर रात्री बारालाही फोन करा' म्हणाला होता. त्याने फोन उचलला नाही. ड्युट्या लावणाऱ्या बाईंनी वेळापत्रकाकडे बघत बघत 'बघू' म्हटलं. त्यांचं बघून होईपर्यंत दहावा उरकला होता, मी पोचले तेराव्याच्या आदल्या दिवशी. परत आल्यावर सगळे माझ्याशी जपून बोलायला लागले. जपून म्हणजे, बोलेचनात.

रात्रपाळी संपली की बस येईपर्यंत पेट्रोल पंपाच्या दुकानात चहाला बसायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. कोपऱ्यातल्या टेबलाशी तुमची मंडळी. चार जण, मध्ये एक वही. आपल्याकडे वडाच्या पारावर बसतात ना, तसेच, फक्त तोंडात तंबाखूऐवजी सॉसेज घातलेला पाव. मी महिनोन्‌महिने शेजारच्या टेबलावर बसून तुमचं ऐकत होते. मेयो अनपेक्षितपणे लीगच्या अंतिम फेरीत गेली आणि केरीकडून हरली, ती मी मिरजेत असताना. त्यावर तुमचं चाललं होतं. हे खरं बळ आहे की पाण्यावरचा बुडबुडा? मेयोच्या एडन ओशेला गोलासमोर उभा करायचा की मधोमध? २००९ पासून तो खेळतोय, आणि २००९ पासूनच हा वाद चालू असावा.

त्या सकाळी तुम्ही उठून माझ्या टेबलाशी आलात. वडील गेल्याचं दुकानातल्या मुलीकडून कळलं होतं तुम्हाला. माझा हात दोन्ही हातांत धरलात आणि इकडे म्हणतात तसं 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणालात. एवढं करून कुणीही परत गेला असता. तुम्ही खुर्ची ओढलीत. विचारलंत, 'तू रोज ऐकतेस. तुला काय वाटतं, ओशेला कुठे खेळवावं?'

आजोबा, त्या देशात मला दीड वर्षात पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. व्हिसा कधी संपतो? रविवारची ड्युटी करशील का? तुमच्याकडे फार उकडतं का? पण 'तुला काय वाटतं' हा पहिलाच.

मला काय वाटत होतं ते मी सांगितलं. केअर होमच्या टीव्हीवर म्हाताऱ्यांबरोबर बसून मी बघितलं होतं तेवढंच. म्हटलं, तो उंच आहे, त्याला गोलासमोर ठेवा, पण मग चेंडू उंच द्यायला नको का? तुमची पोरं त्याला उभा करतात आणि स्वतः मागे मागे देत बसतात. टेबलावरचे तिघे गप्प. मग एकजण म्हणाला, 'हेच मी १२ वर्षं सांगतोय.' बाकी दोघे त्याच्यावर तुटून पडले. माझी बस गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वही माझ्यापुढे सरकवलीत. या वहीबद्दल मी मिरजेला आईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी काहीतरी वाढवून सांगते. १९८९ पासूनच्या वह्या. दर सामन्याआधी प्रत्येकाने आपल्या रकान्यात भाकीत लिहायचं, शाईने. शेवटी खरा निकाल. २०२० आणि २०२१ च्या पानांवर अंतिम सामन्याचा निकाल सारखाच आहे, समोरच्याचे २-१४ आणि मेयोचे ०-१५ (आधी तीन गुणांचे गोल, मग सुटे गुण). एकदा डब्लिन, एकदा टिरोन. मला वाटलं लिहिताना चूक झाली. तुम्ही म्हणालात, 'चूक झालीच, पण लिहिण्यात नाही.' १९५१ च्या संघाने फॉक्सफर्डमध्ये कुणाच्या मयतीपुढून जल्लोष करत गाडी नेली आणि एका पाद्र्याने शाप दिला, ही गोष्ट मी मोठ्या भक्तीने विचारली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, '२०२१ मध्ये आमची पेनल्टी हुकली. पाद्री त्या दिवशी मैदानात नव्हता.'

वहीत पाचवा रकाना तुमच्या वारलेल्या मित्राचा. तो तुम्ही काढला नाहीत. तो दर वेळी एकच लिहायचा, 'मेयो, एका गुणाने'. म्हणून तुम्ही आजही त्याच्या रकान्यात तेच लिहिता. १९९६ चा दुसरा सामना, २०१३, २०१६ चा दुसरा सामना, २०१७. चारही अंतिम सामने मेयो एका गुणाने हरली. 'एका गुणाचं त्याचं बरोबरच असायचं,' तुम्ही म्हणालात, 'फक्त बाजू चुकायची.'

पाच रकान्यांनी पान भरलेलं होतं. माझ्यासाठी तुम्ही लाल रेघेच्या पलीकडे, समासात, पट्टी लावून सहावा रकाना आखला होता. त्याच्यावर माझं नाव. पूर्ण. दुकानातल्या मुलीकडून स्पेलिंग लिहून घेतलं होतंत आणि मला तीनदा म्हणून दाखवलंत. 'मृ' तुमच्याच्याने होईना, शेवटपर्यंत झाला नाही, पण 'लिनी'वर थांबला नाहीत.

आणि तो रकाना रिकामा नव्हता. जानेवारीपासूनच्या प्रत्येक सामन्यापुढे तुम्ही एक आडवी रेघ मारली होती. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, 'त्या दिवशी तू आली नव्हतीस.'

म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर असते तशी. पट मुळात होता, नाव होतं, फक्त मी गैरहजर. त्या आडव्या रेघांचं नाव मी किती वेळा स्वतःशी काढलं आहे! तुम्ही मला किती ठिकाणी गाडीने नेलंत, तिकिटं काढलीत, तुमच्या मुलीने दिलेला जाड कोट अजून माझ्याकडेच आहे. त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण माझं अडलेलं चाक हललं ते त्या नऊ-दहा रेघांनी.

भाकितांत मी तुम्हाला फार छळलं. मी कायम 'हरणार' लिहायचे. ही बाबांची शिकवण. भारताची पहिली विकेट पडली की ते 'गेली मॅच' म्हणून उठायचे, सचिन नव्वदीत आला की अंगणात जाऊन उभे राहायचे. हरणार म्हटलं की जिंकतात, अशी त्यांची श्रद्धा. तुमच्याकडे ती चालली नाही. कॉनॉट या आपल्या पश्चिमेच्या प्रांताच्या अंतिम सामन्यात गॉलवेकडून हरणार लिहिलं, हरलो. कॅव्हनला तर तुम्ही सगळ्यांनी हसत हसत 'मेयो' लिहिलं होतं, मी सवयीने 'हरणार'. आपल्याच मैदानावर कॅव्हन जिंकून गेली. त्या सोमवारी दुकानात माझ्याकडे कुणी बघेना, आणि चहाचे पैसे मात्र तुमच्यातल्याच कुणीतरी भरलेले होते. टिरोनला त्यांच्याच ओमा गावात हरवलं तेव्हा कुठे माझी काळी जीभ माफ झाली.

मग रॉसकॉमनचा तो जूनचा रविवार. डॉनिगॉलशी बरोबरी झाली असती तरी मेयो पुढे जात होती. गाडीत तुम्ही वही दिलीत आणि मी पहिल्यांदाच 'मेयो' लिहिलं. मी तुमच्याबरोबर हिरवा-लाल स्कार्फ घालून उभी होते, ओरडून घसा बसला होता. शेवटी बरोबरी झाली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि भोंगा वाजता वाजता डॉनिगॉलच्या किअरन मूरने चेंडू दांडीवरून घातला. डॉनिगॉल ०-१९, मेयो १-१५. परत एक गुण. पुढे काही उरलंच नाही, ना त्या वर्षी, ना त्या प्रशिक्षकाला.

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं, मी मेयो लिहायला नको होतं. तुम्ही थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिलात. बऱ्याच वेळाने म्हणालात, 'मला वाटतं, चेंडू डॉनिगॉलच्या पोराने मारला.' गाडीपर्यंत दुसरं काही बोललात नाही. वाटेत मी बाबांसाठी रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तुम्ही रेडिओ थोडा मोठा केलात आणि समोर बघत गाडी चालवत राहिलात.

आपल्याकडे कुणाला आपलंसं केलं की आधी जेवायला बसवतात. तुमच्याकडे, निदान तुमच्या टेबलावर, वादाला बसवतात. मला आता वाटतं की माणसाला खरा मान त्याचं मत खोडून काढताना दिला जातो. माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं हो तिथे.

नोव्हेंबरपासून मी गॉलवेत, मेयोच्या शेजारच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांकडे आहे, चांगली नोकरी मिळाली. तुमच्या दृष्टीने हा फितुरीचा प्रकार, हे मी जाणून आहे. इथे सगळे मरून रंगाच्या जर्शा घालतात. मी स्कार्फ काढलेला नाही. तुमच्या मंडळींत मेयोचा जुना खेळाडू अँडी मोरन आता मेयोचा प्रशिक्षक झाल्यावरून काय रणधुमाळी चालली असेल याचा अंदाज नातीच्या मेसेजवरून येतो. ज्याने २०१७ चा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान मिळवला त्याला शिकवताही येईलच असं नाही, असं तुमच्यातला एकजण म्हणतो, आणि तो कोण ते मला न सांगताच कळलं. त्याला सांगा, लेट्रिमसारख्या छोट्या काउंटीला ज्याने सांभाळलं त्याला तुटपुंज्यात भागवता येतं. माझं मत आहे, वाद घालायचा असेल तर फोन करा.

नातीला म्हणावं, फोटो नीट येत नाही, खिडकीशी धरून काढ. वर शेवटची दोन नावं मला वाचता येतात. एक तुमच्या मित्राचं, त्याच्या शेजारी माझं.

पहिल्या सामन्याचं माझं लिहून घ्या. हरणार, चार गुणांनी. शाईने लिहा.

तुमची,
मृणालिनी