दार उघडं होतं

प्रिय अव्या,

उत्तराला महिना लावला, शिव्या घालून घे. माळा आवरताना आपण बसवलेल्या 'नो एक्झिट'ची, फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या त्या नाटकाची, टंकलिखित प्रत सापडली. शिडीवर बसूनच वाचत राहिलो. खालून चहा गार झाल्याच्या दोन आरोळ्या आल्या, तरी उतरलो नाही. 'नरक म्हणजे इतर माणसं' हे त्यातलं वाक्य तू होस्टेलच्या दारावर खडूनं लिहिलं होतंस, आठवतं? रूम पार्टनरला उद्देशून. म्हणजे मला!

तेव्हा सार्त्र आपल्याला माणूसघाणा वाटला होता. बऱ्याच जणांना वाटला. वाक्य नाटकातून निसटलं आणि लोकलच्या गर्दीपासून सासरच्या माणसांपर्यंत कुणालाही चिकटवलं जाऊ लागलं. शेवटी १९६५ मध्ये त्याला खुलासा करावा लागला, की दुसऱ्याशी नातं नासलेलं असेल, तरच तो दुसरा नरक होतो. कारण स्वतःला ओळखायला आपल्याला त्याचीच नजर लागते. नरकातल्या ज्या खोलीत गार्सँ, इनेस आणि एस्तेल हे तिघं मेल्यावर कोंडले जातात, तिथे आरसा नाही, तो याचसाठी. इनेस एस्तेलला म्हणते, मला आरसा समज, आणि मग गालावर पुटकुळी आली आहे अशी थाप मारते. तालमीत आपण हा विनोद म्हणून बसवला होता. काय गाढव होतो रे!

नाटकाचा उगम मात्र अगदी घरगुती. तीन मित्रांसाठी लिहायचं आणि कुणाला कमी-जास्त भाव द्यायचा नाही, म्हणून तिघांनाही शेवटपर्यंत रंगमंचावरच डांबायचं. आधी बॉम्बहल्ल्यात तळघरात अडकलेली माणसं सुचली, मग थेट नरक. गार्सँचं काम आणि दिग्दर्शन दोन्ही लेखक आल्बेर कामू करणार होता, पण तालमींच्या काळात एका नटीला अटक झाली आणि पुढे तोही बाहेर पडला. पहिला प्रयोग २७ मे १९४४ला, व्ह्यू-कोलोंबिए थिएटरमध्ये. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात, आणि दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीत उतरायला दहा दिवस बाकी. सतत कुणाची तरी नजर आपल्यावर असणं म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना वेगळं समजवायला नको होतं.

पण मी शिडीवर अडकलो तो दारापाशी. गार्सँ दार बडवतो आणि ते सताड उघडतं. कुणीच बाहेर जात नाही! आपण भित्रे नाही हे इनेसला पटवल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही. वाक्य गाजलं, पण माझ्या मते मुरलं ते हे दार. वाट मोकळी असते, निवड आपली असते, आणि तरी आपण बसून राहतो. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांनी बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' पाहिलं. 'जाऊ या' म्हणून जागेवरून न हलणारी ती दोन माणसं त्यांना बरोबर कळली. (बेकेट अस्तित्ववादी, म्हणजे सार्त्रसारखा 'निवड माणसाचीच' मानणारा, नव्हे, हे तुझं व्याख्यान मला पाठ आहे. राहू दे.)

आपल्याकडे म्हणशील, तर माथेरानला जन्मलेल्या कार्नाडांनी आपल्या 'ययाति' नाटकावरचं फ्रेंच नाटककार अनुईच्या 'अँतिगॉन'चं ऋण स्वतः कबूल केलं आहे. तेही नाटक १९४४चंच, पॅरिसचंच. ययाति म्हटलं की आपल्याला खांडेकर आठवतात. पण कार्नाडांची चित्रलेखा, पुरूची बायको, नवऱ्यानं परस्पर म्हातारपण पत्करल्यावर 'मग माझं काय?' विचारणारी, मला जास्त छळते.

आपल्या प्रतीचं शेवटचं पान गायब आहे. 'चला, पुढे चालू ठेवू' हे वाक्य तू कसं लिहिलं होतंस, ते बघायचं होतं. तुझ्या ट्रंकेत असेल, तर फोटो काढून पाठव.

तुझा,
नंदू